सीमाभागात सीनियर सिटीझन वसाहतीत राहायला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाकार्यात कुणी भेटलं की हेच विचारतात, व्हॉट्सॲपवर पण हेच, पुण्या-मुंबईहून रिटायर होऊन परत गावाकडं यायचं ठरवलेले तर तासतासभर फोनवर असतात. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी बेळगावच्या बाहेरच्या अंगाला अशाच एका वसाहतीत राहतो, निम्मी बांधून झालीय निम्मी व्हायचीय, त्यामुळं मत थोडं आतल्या माणसाचं आहे ते धरून वाचा. कायद्याच्या गोष्टी आपापल्या वकिलाकडून तपासून घ्याव्यात.

१. सीनियर सिटीझन वसाहत म्हणजे वृद्धाश्रमच ना, नाव तेवढं पॉश?

नाही हो. वृद्धाश्रमात तुम्हाला खोली मिळते, सोय संस्था बघते आणि बहुतेक ठिकाणी घर तुमचं नसतं. वसाहतीत फ्लॅट किंवा छोटं रो-हाऊस स्वतःचं असतं, स्वयंपाकघर असतं, कुलूप तुमचं, फक्त आजूबाजूला सगळे पंचावन्न-साठीच्या पुढचे आणि मेस, नर्स, सिक्युरिटी, रॅम्प, बाथरूमला धरायला दांडे असल्या सोयी मिळून चालवतात. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयाने २०१९ मध्ये अशा रिटायरमेंट होम्ससाठी नमुना मार्गदर्शक सूचना काढल्यात, खरं त्या सूचनाच आहेत, राज्याने स्वीकारल्या तरच त्यांना दात येतात. त्यामुळं ब्रोशरवर "केंद्राच्या गाईडलाईनप्रमाणे" असं लिहिलेलं दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका.

२. वसाहत अजून वाढतेय, आत्ता घेऊ की पूर्ण झाल्यावर?

आत्ता घेतलं तर भाव कमी असतो, हवा तो मजला, हवी ती दिशा मिळते, आणि पहिले पंचवीस-तीस लोक एकमेकांना नावानं ओळखतात, कोण कुठल्या गावचं, कुणाची सून कुठं असते इथपर्यंत. पुढं दोनशे घरं झाली की ते राहत नाही. अजून एक फायदा आहे जो कुणी बोलत नाही, वाढत्या वसाहतीत दरवर्षी नवे साठीचे लोक येत राहतात त्यामुळं बॅडमिंटनला, सहलीला, कुणाला दवाखान्यात न्यायला हातपाय चालणारी माणसं असतात. पूर्ण भरलेली वसाहत मात्र सगळीच्या सगळी एकदम म्हातारी होत जाते.

आता तोटा. धूळ. सकाळी सातला मिक्सर सुरू, दुपारी झोपेच्या वेळी ग्रॅनाईट कटर, आणि पावसाळ्यात बांधकामाच्या ट्रकनी आतला रस्ता असा करून ठेवलेला असतो की गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसानं गेटपर्यंत जायचं म्हणजे परीक्षाच. क्लब हाऊस, फिजिओथेरपी रूम, देवळासमोरची बाग हे सगळं "फेज टू"मध्ये, म्हणजे बांधकामाच्या दुसऱ्या टप्प्यात असतं आणि फेज टू कायम पुढच्या दिवाळीला असते. सत्तरीच्या माणसाला पाच वर्षांनी मिळणारी सोय काय कामाची? मी सगळ्यांना एकच सांगतो, जागेवर जाऊन जेवढं उभं आहे तेवढ्याचेच पैसे योग्य वाटतात का बघा, बाकी चित्रातलं सगळं फुकट आलं असं धरा.

३. बेळगावची हवा म्हातारपणाला चांगली म्हणतात, खरं का?

उन्हाळ्याला नक्कीच. शहर समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, एप्रिलमधल्या वळवानं संध्याकाळ गार होते, पुणेकर इथं येऊन खूश असतात. पावसाळा मात्र मोजून घ्या. खानापूरकडं सरकाल तसा पाऊस वाढत जातो, कणकुंबीच्या बाजूला तर विचारू नका, आणि उलट अथणीकडं गेलात की कोरडं आणि उकाडा. म्हणजे जिल्हा एकच, हवा तीन तऱ्हेची. दमा, संधिवात असेल तर जुलैमध्ये येऊन भिंती बघा, कपाटाच्या मागं हात लावून बघा, बुरशीचा वास आला की समजायचं. जानेवारीत साईट दाखवायला सगळेच उत्सुक असतात.

४. महिन्याचा मेंटेनन्स किती धरायचा? वाढतच जातो म्हणतात.

आकडा ठिकाणावर आहे, खरं गणित सगळीकडं एकच. समजा सिक्युरिटी, सफाई, नर्स, लिफ्ट, जनरेटरचं डिझेल धरून महिन्याला २,४०,००० खर्च आहे. चाळीस घरं असतील तर घरामागं ६,०००. शंभर घरं झाली आणि खर्च ४,००,००० वर गेला तरी घरामागं ४,००० च येतात. म्हणजे वाढणं फायद्याचं, पण ती साठ घरं भरेपर्यंत मधला फरक कोण भरतो? सुरुवातीला बिल्डर पदरचे घालतो आणि "मेंटेनन्स फक्त अडीच हजार" म्हणून जाहिरात करतो, दोन वर्षांनी हात काढून घेतो आणि मग मिटिंगमध्ये भांडणं. म्हणून खरा एकूण खर्च विचारा, आजचा हप्ता विचारू नका.

जीएसटीचं पण बघा. रहिवाशांची सोसायटी असेल तर सभासदामागं महिना ७,५०० रुपयांपर्यंत जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं आणि सोसायटीची वर्षाची जमा २० लाखांच्या पुढं असली की १८ टक्के लागतो. ही सूट सोसायटीला आहे. बिल्डरची सर्व्हिस कंपनी थेट तुम्हाला बिल देत असेल तर ती सूट तिथं नाही. मेसचे पैसे वेगळे, नर्सची जादा ड्युटी वेगळी, डायपर-औषधं तर अर्थातच वेगळी.

५. बुकिंगआधी कुठली कागदं बघायची?

पहिलं कर्नाटक रेराचा, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा नंबर. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी जागा किंवा आठपेक्षा जास्त फ्लॅट असले की नोंदणी लागतेच, वेबसाईटवर कुठली फेज नोंदवलीय ते बघा, कारण पुष्कळदा फेज वनच नोंदलेली असते आणि पैसे फेज टूचे मागतात. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणं रजिस्टर्ड करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, "भाऊ आपलेच आहेत, निम्मे देऊन टाका" म्हणाले तरी द्यायचे नाहीत. ताबा घेतल्यावर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती बिल्डरवर.

जमीन एनए (बिनशेती) झालीय का, लेआऊट बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) मंजुरीचा आहे का, ई-खाता (मालमत्तेचा ऑनलाईन उतारा) आहे का, गेल्या तीस वर्षांची ईसी (जागेवरचे व्यवहार आणि बोजा दाखवणारा दाखला), आणि राहायला जायच्या आधी ओसी (भोगवटा प्रमाणपत्र). २०२० मध्ये कर्नाटकानं जमीन सुधारणा कायदा बदलल्यापासून शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते, त्यामुळं "ज्येष्ठांसाठी फार्महाऊस प्लॉट" म्हणून गुंठ्या-गुंठ्यानं विकणारे खूप झालेत. शेतजमीन घेता येते म्हणजे त्यावर बिनशेती न करता घर बांधता येतं असं नव्हे.

आणि कागद सगळे कन्नडमध्ये असतात. एजंट "तेच लिहिलंय" म्हणतो त्यावर जाऊ नका, पैसे मोजून वकिलाकडून ओळ न् ओळ मराठीत समजून घ्या, स्वतः समोर बसून.

६. विकत नको, मोठं डिपॉझिट भरून राहायची स्कीम चांगली का?

पैसे कमी गुंततात, स्टॅम्प ड्युटी-रजिस्ट्रेशन वाचतं (रजिस्ट्रेशन फीच कर्नाटकात २०२५ च्या ऑगस्टअखेर १ वरून २ टक्के झाली), नाही पटलं तर उठून जाता येतं. वाईट एवढंच की रेराचं संरक्षण घर विकत घेणाऱ्याला आहे, भाड्यानं राहणाऱ्याला नाही. डिपॉझिट परत कधी मिळणार, "पुढचा माणूस आल्यावर" की ठरावीक दिवसांत, हे करारात लिहून घ्या. "पुढचा माणूस आल्यावर" असं असेल तर वसाहत रिकामी पडायला लागली की पैसे अडकले समजा.

७. रात्री दोनला छातीत दुखलं तर?

ह्याच प्रश्नावर घर घ्यायचं की नाही ते ठरवा, बाकी लॉन-बिन नंतर. गेटवर ॲम्ब्युलन्स उभी आहे म्हणतात, ड्रायव्हर रात्री तिथं झोपतो का ते विचारा. नर्स चोवीस तास की सकाळी दहा ते सहा? बटण दाबल्यावर कुठं वाजतं, सिक्युरिटीच्या केबिनमध्ये की नुसतंच?

मग स्वतः गाडी घेऊन हॉस्पिटलपर्यंत जाऊन बघा, एकदा रात्री आणि एकदा संध्याकाळी सहाला. बेळगावात मोठी हॉस्पिटलं शहरात आहेत, केएलईचं नेहरूनगरला, सरकारी बिम्स पण शहरातच. वाटेत रेल्वे गेट लागतं का हे नकाशात कळत नाही, मालगाडी आली की गेट पडतं आणि मागं रिक्षांची रांग लागते. खानापूर, निपाणी, चिकोडीच्या बाजूची वसाहत स्वस्त पडते खरं हृदयविकाराला प्रत्येक मिनिट मोजावं लागतं. १०८ आहेच, आणि ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाईन आहे, ती ॲम्ब्युलन्सची नाही, सल्ला, तक्रार, आधारासाठी आहे.

८. अंथरुणाला खिळलो किंवा विसरायला लागलो तर ठेवून घेतात का?

बहुतेक ठिकाणी नाही, आणि हे तोंडावर कुणी सांगत नाही. करारात "रहिवासी स्वतःची कामं स्वतः करू शकणारा असावा" असं एक वाक्य कुठंतरी बारीक अक्षरात असतं. आमच्या लाईनमधल्या एका काकांना रात्री उठून दुसऱ्यांच्या दाराच्या कड्या वाजवायची सवय लागली, पहिला महिना सगळ्यांनी सांभाळून घेतलं, चहा पाजून परत सोडून यायचे, तिसऱ्या महिन्यात कमिटीनं मुलाला बोलावून घेतलं. चूक कुणाचीच नाही, खरं काकूंना दोन ठिकाणी घर चालवायची पाळी आली.

विचारायचं असं: घरी अटेंडंट ठेवायची परवानगी आहे का, ती बाई रात्री राहू शकते का, दुसऱ्या फेजमध्ये म्हणतात ते नर्सिंग युनिट आज उभं आहे का (प्रश्न २ परत वाचा). आजूबाजूच्या गावांतून कामाला येणाऱ्या बायका मिळतात, चांगल्या असतात, पण सुगीच्या दिवसांत आणि गावच्या यात्रेला दांडी ठरलेली.

९. जेवणाचं काय? आम्हाला रविवारी मटण लागतं.

मेस बहुतेक ठिकाणी शुद्ध शाकाहारी असते, कारण रहिवाशांत ब्राह्मण, जैन, लिंगायत मंडळी भरपूर आणि बिल्डरला वाद नको असतो. स्वतःच्या घरात करायला हरकत नसते, तरी नियमावलीत बघून घ्या, काही ठिकाणी आवारातच बंदी आहे. जेवणाची वेळ हा दुसरा मुद्दा. संध्याकाळी सातला ताटं लागतात, साडेआठला स्वयंपाकी गाव गाठायला निघतो. आयुष्यभर नऊ-साडेनऊला जेवलेल्याला पहिले दोन महिने रात्री अकराला भूक लागते. भाकरी रोज मिळते का विचारा, "आठवड्यातून दोनदा" असेल तर चपात्या खाऊन कंटाळाल.

१०. मिस्टरांना जायचंय, मला अजिबात नाही. काय करू?

हा प्रश्न बायकांकडूनच येतो आणि त्यांचं बरोबर असतं बहुतेक वेळा. नवऱ्याचं रिटायरमेंट होतं, बाईचं होत नाही. बेळगावच्या शहापूर-वडगावातली गल्ली, भिशी, हळदीकुंकू, दारावर येणारी भाजीवाली, समोरच्या वहिनींकडं वाटीभर साखर, हे सगळं चाळीस वर्षांत जमवलेलं असतं ते सोडायचं आणि तिकडं जाऊन "योगा सेशन"ला बसायचं.

उलटंही बघितलंय. मेस सुरू झाल्यावर पहिल्यांदा सकाळी निवांत पेपर वाचणाऱ्या काकू इथं आहेत आणि आता त्या परत जायला तयार नाहीत. दोघांनी मिळून महिनाभर भाड्यानं राहून बघा, गेस्ट रूम असतात, आणि तो महिना जूनचा असू द्या. जुनं घर लगेच विकू नका. आणि ठरवताना हेही धरा की दोघांतलं एक मागं राहणार आहे, बरेचदा बाईच, मग निर्णयात तिचं मत जास्त वजनाचं पाहिजे.

११. कन्नड येत नाही, चालेल का?

बेळगाव, खानापूर, निपाणीत रोजच्या व्यवहारात चालतं. दुकानदार, रिक्षावाले, नर्सबाई, बऱ्याच जणांना दोन्ही भाषा येतात. अडतं ते ऑफिसात. पंचायत, महापालिका, हेस्कॉम (वीज कंपनी), सब-रजिस्ट्रार, सगळीकडं अर्ज आणि नोटिसा कन्नडमध्ये. वसाहतीत एखादे कन्नड रहिवासी मित्र झाले की निम्मी कामं सोपी होतात, आमच्याकडं एक रिटायर्ड मास्तर आहेत ते सगळ्यांची बिलं वाचून देतात. थोडं थोडं शिका, साठीनंतर मेंदूलाही व्यायाम होतो. मिटिंग कुठल्या भाषेत हा वाद मात्र वसाहत वाढली की येतोच, सुरुवातीलाच दोन्हीत मिनिट्स लिहायची पद्धत पाडली तर बरं.

१२. एक नोव्हेंबर, बंद, सीमावाद, ह्याचा त्रास होतो का?

वसाहतीच्या आत नाही. बाहेर वर्षातले काही दिवस जपून असतात. १ नोव्हेंबरला एकीकडं कर्नाटक राज्योत्सव, दुसरीकडं मराठी लोकांचा काळा दिवस, शहरात गर्दी आणि बंदोबस्त. हिवाळ्यात इथल्या सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असतं तेव्हा मोर्चे, रस्ते बंद. तणाव वाढला की दोन्ही राज्यांच्या बसगाड्या सीमेवरच्या कोगनोळीच्या अलीकडं-पलीकडं थांबवतात, २०२५ च्या फेब्रुवारीत तसं झालंच होतं. कोल्हापूरला ट्रीटमेंट सुरू असेल तर अपॉइंटमेंट ह्या तारखा सोडून घ्या आणि बीपी-शुगरच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या जादा घरात ठेवा.

१३. महाराष्ट्राची आरोग्य योजना इथं चालेल का?

महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या लोकांसाठी महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करायचा निर्णय घेतला, कर्नाटकानं लगेच विरोध केला. म्हणजे कागदावर आहे म्हणून ऑपरेशनच्या दिवशी त्यावर विसंबून राहू नका. केंद्राची सत्तरी पार केलेल्यांसाठीची आयुष्मान योजना ऑक्टोबर २०२४ ची, उत्पन्नाची अट नाही, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, नवरा-बायको दोघं सत्तरीच्या पुढचे असतील तर तेच ५ लाख दोघांत. तुमच्या हॉस्पिटलच्या काउंटरवर जाऊन ते कार्ड घेतात का हे आजारी पडायच्या आधी विचारून ठेवा. खाजगी मेडिक्लेम असेल तर बंद करायचा नाही, साठीनंतर नवा मिळवणं अवघड.

१४. बसची सवलत?

आधारवर कर्नाटकचा पत्ता आला की बायकांना शक्ती योजनेत राज्यातल्या साध्या सरकारी बसला तिकीट नाही, जून २०२३ पासून. महाराष्ट्राच्या एसटीत ७५ वर्षांवरच्यांना मोफत आणि ६५ ते ७५ ना निम्मं तिकीट आहे, खरं ते राज्याच्या हद्दीपुरतं. पत्ता बदलायचा की नाही हे बसच्या तिकिटावर ठरवू नका एवढंच.

१५. पेन्शन आणि हयातीचा दाखला?

नोव्हेंबरमध्ये द्यायचा असतो, ८० च्या पुढच्या केंद्रीय पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून देता येतो. जीवन प्रमाण ॲपमधून मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतं, बँकेत रांग लावायला नको. महाराष्ट्राच्या पेन्शनरांनी आपल्या कोषागारात एक फोन करून त्यांना कुठला फॉर्म चालतो ते विचारावं.

१६. मुलगा म्हणतो घर आत्ताच माझ्या नावावर करा. करू का?

घाई कशाला? मृत्युपत्र करा, तुम्ही असेपर्यंत घर तुमचंच राहतं आणि मत बदललं तर बदलता येतं. बक्षीसपत्रच करायचं असेल तर "आई-वडिलांना सांभाळीन, गरजा भागवीन" ही अट दस्तात लिहा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ असं सांगतं की अट पाळली नाही तर ट्रायब्युनलकडून ते हस्तांतरण रद्द करून घेता येतं, पण सुप्रीम कोर्टानं २०२२ च्या एका निकालात अशी अट होती हे दिसलं पाहिजे म्हटलंय. पुढं २०२५ मध्ये कोर्टानं जरा ज्येष्ठांच्या बाजूनं अर्थ लावला, तरी लिहिलेलं असलं की भांडण निम्मं संपतं. अर्ज प्रांत ऑफिसात, म्हणजे असिस्टंट कमिशनरकडं.

१७. आम्ही गेल्यावर घराचं काय? मुलगा तर चाळीशीचा, त्याला तिथं राहू देणार नाहीत.

मालकी वारसाला मिळतेच, राहायला मिळेल की नाही ते वसाहतीच्या वयाच्या नियमावर. म्हणजे विकायचं किंवा वय बसणाऱ्याला भाड्यानं द्यायचं. गिऱ्हाईक कमी असतं कारण घेणाराही साठीचाच लागतो, त्यात वसाहत अजून वाढत असेल तर शेजारीच बिल्डर कोरी घरं विकत असतो, मग तुमचं दहा वर्षं वापरलेलं कोण घेणार? ट्रान्सफर फी किती, बिल्डरला आधी विचारायची अट आहे का, वारसानं विकेपर्यंत मेंटेनन्स पूर्ण की अर्धा, हे खरेदीच्या वेळीच लिहून घ्या. गुंतवणूक म्हणून हे घर घेऊ नये असं माझं मत आहे, राहायला घ्यावं.

१८. एमएच पासिंगची गाडी आहे, तशीच वापरली तर चालेल?

सीमाभागात अर्ध्या गल्लीत एमएच-०९ उभ्या दिसतात म्हणून चालतं असं नाही. मोटार वाहन कायद्यात दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. आधी तिकडच्या आरटीओची एनओसी, मग इथला आजीवन टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणं, मग तिकडं भरलेल्या टॅक्सच्या परताव्याला अर्ज. गाडी जुनी असेल तर हा सगळा खटाटोप करण्यापेक्षा तिकडंच विकून इथं एखादी छोटी ऑटोमॅटिक घेणारे जास्त आहेत, आणि पंच्याहत्तरीच्या पुढच्यांनी तर सरळ वसाहतीच्या ओळखीच्या रिक्षावाल्याचा नंबर घेतलेला बरा.